लालबागेतील टिपण आणि त्याचा वारसा

होसकोट्यास राहणाऱ्या मराठी माणसाला इतिहास म्हटला की प्रथम शहाजीराजे आठवतात. बंगळुराबरोबर हे गावही त्यांच्या कर्नाटकातील जहागिरीत मोडत होते, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु आपल्या संसारांना वळण लावणारा दुसरा एक इतिहास येथून नऊ-दहा कोसांवर घडला. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्याचे स्मरण करणे उचित होईल.

जुलै १९६९ मध्ये बंगळुरास लालबागेतील काचघरात अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन भरले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आर्थिक धोरणासंबंधीचे आपले विचार एका टिपणाच्या रूपाने तेथे पाठविले. १६ जुलैला मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेण्यात आले आणि १९ जुलैला वटहुकूम निघून, पन्नास कोटींहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँका सरकारच्या मालकीच्या झाल्या. त्यांत पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र होती, तशाच कानडी मुलखातील कॅनरा आणि सिंडिकेट याही होत्या. फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अवैध ठरविला, तेव्हा चार दिवसांत नवा वटहुकूम काढण्यात आला.

या कार्यात मराठी माणसांचा वाटा मोठा होता. प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर सोपविणाऱ्या 'अग्रणी बँक' योजनेचे मूळ धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाच्या शिफारशीत आहे. १९७० ते १९७४ या काळात अर्थखाते यशवंतराव चव्हाण यांच्याकडे होते. १९६९ साली देशात बँकांच्या सुमारे ८,३०० शाखा होत्या. १९९१ पर्यंत त्या ६० हजारांवर गेल्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ग्रामीण भागात होत्या. सावकाराच्या ओट्यावर तिष्ठणाऱ्या शेतकऱ्याला पासबुक मिळाले, हे कोणासही नाकारता येणार नाही.

तथापि या नाण्याला दुसरी बाजूही आहे. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा कमाल दर ९७.७५ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. उद्योगास परवाना, आयातीस परवाना, विस्तारासही परवाना. १९९० च्या सुमारास बँकेच्या शंभर रुपयांच्या ठेवींपैकी पन्नासांहून अधिक रुपये राखीव निधीत व सरकारी रोख्यांत अडकून पडत. मेळावे भरवून वाटलेली कर्जे बुडाली, आणि त्यांची भरपाई अखेर करदात्यानेच केली.

आणीबाणीचा काळाकुट्ट अध्याय तर या शहराशी निगडितच आहे. जून १९७५ मध्ये संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरास आलेले मधु दंडवते येथेच पकडले गेले व येथील मध्यवर्ती कारागृहात राहिले. प्रमिलाताई तिकडे येरवड्यास होत्या. परंतु इतिहासाची गंमत पाहा. १९७७ साली सत्तेवर आलेल्या जनता पक्षाने बँका परत केल्या नाहीत. उलट इंदिराजींच्या राजवटीत झालेला १९७३ चा परकीय चलन कायदा त्याच सरकारने कठोरपणे राबविला आणि कोका-कोला व आयबीएम या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. पुढे १९९० मध्ये अर्थमंत्री या नात्याने शेतकऱ्यांची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ करण्याची घोषणा दंडवत्यांनीच केली, तीही याच सरकारी बँकांच्या बळावर. ज्यांनी तुरुंगवास सोसला, त्यांनाही ते साधन टाकून देववले नाही.

१९९१ नंतर वारे फिरले. परकीय भांडवलाला एके काळी सर्वसाधारणपणे चाळीस टक्क्यांची मर्यादा घालणाऱ्या या देशात, १९९८ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीचा मालमोटारींचा कारखाना आपल्या होसकोट्यातच सुरू झाला. पुढे २०२० साली सिंडिकेट बँक कॅनरात विलीन होऊन तिचे नावही पुसले गेले.

आमच्या मंडळाच्या बैठकींत या विषयावर अनेकदा कडाक्याचे वाद झडले आहेत. सरकारी बँकेच्या नोकरीवर ज्यांची घरे उभी राहिली ते एका बाजूस, आणि परवान्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे ज्यांनी झिजविले ते दुसऱ्या बाजूस. दोघांचाही अनुभव खरा आहे. आमच्या मते, गावोगाव उघडलेले ते दार हे त्या धोरणाचे पुण्य, आणि त्या दाराची किल्ली एकाच हाती ठेवण्याचा हट्ट हे त्याचे पाप. पुढच्या पिढीने हिशेब मांडताना जमा आणि खर्च दोन्ही रकाने भरावेत, एवढीच आमची विनंती आहे.