खातेबदल, हुद्दा आणि ज्येष्ठता : औट्रम व हॅवलॉक यांची कथा

लखनौस पाहुणा आला की आम्ही त्यास प्रथम रेसिडेन्सीचे भग्नावशेष दाखवितो, मग इमामबाडे, आणि वेळ उरलाच तर आलमबाग. आलमबागेत सर हेन्री हॅवलॉक याचे थडगे आहे. पाहुण्यांस त्यात फारसे स्वारस्य नसते, आणि ते साहजिकही आहे. १८५७ साली कानपुरास नानासाहेब पेशव्यांच्या फौजेवर चालून आलेला हा सेनानी, त्याच्याविषयी मराठी माणसाच्या मनात जिव्हाळा कोठून असावा? परंतु या थडग्याशी निगडित असलेली एक कथा आम्हांस अनेक वर्षे आकर्षून राहिली आहे. ती लढाईची नसून हुद्द्याची आहे. बदलीच्या नोकरीपायी घरापासून दूर आलेल्या आपल्या मंडळाच्या सभासदांस ती परकी वाटणार नाही, अशी उमेद बाळगून येथे सांगत आहोत.

एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेल्या माणसाच्या मागील सेवेचे काय होते, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांनी स्वतःच्या सेवापुस्तकाच्या आधारे सोडविण्याचा प्रयत्न केलेला असेल. आम्हीही केला आहे. त्यात आमची अकरा वर्षे यादीतून गळाली, ती गोष्ट निराळी. सैन्यात हा प्रश्न अधिक तीव्र असतो. कारण तेथे ज्येष्ठतेवर केवळ पगार ठरत नाही. दोन अधिकारी एकाच छावणीत आले की हुकूम कोणी द्यावयाचा व तो कोणी पाळावयाचा, हे तीच ठरविते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात बढतीचा नियम वरकरणी अत्यंत सोपा होता. मेजरच्या पदापर्यंत अधिकारी आपल्या पलटणीच्या यादीत क्रमाने वर चढे. त्यापुढे इलाख्याची एकत्र यादी असे. वरचा मेला, निवृत्त झाला अथवा दुसरीकडे कायमचा गेला, तरच खालच्याची पायरी बदले. त्यामुळे कनिष्ठ अधिकारी वर्गणी काढून एखाद्या वृद्ध ज्येष्ठास निवृत्तीसाठी रक्कम देत, अशीही रीत पडली होती. शौर्य, विद्वत्ता वा कर्तबगारी यांस या यादीत स्थान नव्हते. त्यांची भरपाई म्हणून ‘ब्रेव्हेट’ नावाचा दुसरा हुद्दा असे. तो पलटणीतील नसून एकंदर सैन्यातील असे. एकच माणूस स्वतःच्या पलटणीत कॅप्टन, आणि अनेक पलटणी एकत्र आल्या की मेजर, असा चमत्कार त्यातून घडे.

आता खरी गुंतागुंत पाहा. कंपनीला नवनवे मुलूख मिळत गेले, आणि त्यांचा कारभार पाहण्यास मुलकी अधिकारी अपुरे पडू लागले. तेव्हा लष्करी अधिकाऱ्यांस पलटणीतून काढून राजकीय खाते, मोजणी, रस्ते, पोलीस अशा कामांवर पाठविण्यात येऊ लागले. तेथे पगार जास्त, स्वातंत्र्य जास्त, म्हणून हुशार तरुणांची धावही तिकडेच. मात्र त्यांचे नाव पलटणीच्या यादीवर तसेच राही, आणि त्यांची बढतीही क्रमाने चालू राही. ते गेले म्हणून जागा रिकामी झाली असे मानले जात नसे. उरलेल्यांनी थोड्या माणसांत काम ओढावे, आणि पंधरा वर्षे परेड न पाहिलेला गृहस्थ एके दिवशी परत आला की त्याच्या हाताखाली उभे राहावे. १८५७ च्या उठावानंतर जी कारणमीमांसा झाली तीत, पलटणींतून अधिकारी असे निघून गेल्यामुळे शिपाई व अधिकारी यांचा परिचयच उरला नव्हता, हे एक कारण वारंवार सांगितले गेले.

जेम्स औट्रम हा या पद्धतीचा नमुनेदार मनुष्य. त्याचा जन्म १८०३ चा. १८१९ मध्ये तो मुंबई इलाख्याच्या सैन्यात दाखल झाला. १८२५ मध्ये त्याला खानदेशात पाठविण्यात आले. तेथे धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभारण्याचे काम त्याने सुमारे दहा वर्षे केले. यापुढील त्याचे आयुष्य म्हणजे आपल्याच मुलखाचा नकाशा : १८३५ पासून महीकांठा, मग सिंध, १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावात दक्षिण महाराष्ट्र, १८४५ मध्ये सातारा, १८४७ मध्ये बडोदे. बडोद्याच्या लाचलुचपतीवर १८५१ मध्ये त्याने जो अहवाल लिहिला त्यात आपला ‘खटपट’ हा शब्द त्याने जसाच्या तसा इंग्रजीत वापरला, आणि त्या अहवालापायी मुंबई सरकारने त्याला तेथून हलविले. मराठी भाषेने ब्रिटिश दप्तराला दिलेले शब्द कोणी गोळा केलेच, तर हा शब्द अग्रभागी असावा.

या सर्व काळात तो पलटणीत असा जवळजवळ नव्हताच. तरीही तो मागे पडला नाही. राजकीय कामगिरीवर असताना जेथे मोहीम निघाली तेथे तो गेला. अफगाणिस्तानच्या मोहिमेनंतर १८३९ मध्ये मेजर आणि सिंधमधील कामगिरीनंतर १८४३ मध्ये लेफ्टनंट कर्नल झाला, तो ब्रेव्हेटच्या मार्गाने. १८५४ मध्ये तो लखनौस रेसिडेंट म्हणून आला, आणि १८५६ मध्ये अवध खालसा झाल्यावर तेथील पहिला चीफ कमिशनर झाला. नंतर इराणच्या मोहिमेचे सेनापतिपदही त्यालाच मिळाले.

हॅवलॉकची वाट याच्या नेमकी उलट. तो औट्रमहून सुमारे आठ वर्षांनी मोठा, आणि सैन्यातही चार वर्षे आधीचा. १८१५ मध्ये त्याला ब्रिटिश राजाच्या सैन्यात कमिशन मिळाले. तेथे कंपनीची यादी नव्हती. तेथे हुद्दे विकत मिळत. १८२१ च्या दरपत्रकाप्रमाणे पायदळात कॅप्टनपदाची किंमत १८०० पौंड आणि लेफ्टनंट कर्नलपदाची ४५०० पौंड होती. हॅवलॉकजवळ पैसा नव्हता. हिंदुस्थानात येता यावे म्हणून १८२२ मध्ये त्याने आपल्या पलटणीतून तेराव्या पलटणीत अदलाबदल करून घेतली. अशी अदलाबदल करणारा नव्या पलटणीत आपल्या हुद्द्याच्या यादीत शेवटच्या जागी जाऊन बसे. नवे आलेले, धनवान बापांचे मुलगे त्याच्या डोक्यावरून पुढे जात राहिले. तो फारसी शिकला, दुभाष्या झाला, ब्रह्मदेशाच्या लढाईवर पुस्तक लिहिले, श्रीरामपूरच्या मार्शमन मिशनऱ्याच्या कन्येशी विवाह केला. परंतु कॅप्टन व्हावयास त्यास १८३८ साल उजाडले. तेवीस वर्षे! तोवर त्याचे केस पिकले होते. १८४३ च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या शिंदेशाही फौजेशी महाराजपूर येथे झालेल्या लढाईनंतर तो ब्रेव्हेट लेफ्टनंट कर्नल झाला. इराणच्या मोहिमेत तो औट्रमच्याच हाताखाली एका डिव्हिजनचा प्रमुख होता.

जुलै १८५७ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, हॅवलॉकच्या हाती प्रथमच एक स्वतंत्र फौज आली. अलाहाबादेहून निघून त्याने १२ जुलैस फत्तेपूर येथे नानासाहेबांच्या सैन्याचा मोड केला आणि १७ जुलैस तो कानपुरात शिरला. पुढे गंगा ओलांडून लखनौच्या दिशेने त्याने चाली केल्या. पण पटकी, उन्हाळा व अवधच्या लोकांचा कडवा प्रतिकार यांमुळे माघारी फिरावे लागले. याच सुमारास कानपुराकडील सर्व फौजेवर औट्रमची नेमणूक झाली. औट्रम ज्येष्ठ होता. नियमानुसार यात चूक अशी काहीच नव्हती. जन्मभर पलटणीत राहिलेल्या वृद्धाने, जन्मभर पलटणीबाहेर राहिलेल्याच्या हाती लखनौची मोहीम सोपवावयाची, एवढाच त्याचा अर्थ होता.

औट्रम सप्टेंबरच्या मध्यास कानपुरास पोहोचला, आणि १६ सप्टेंबर रोजी त्याने जो हुकूम काढला तो लष्करी दप्तरात विरळाच म्हणावा लागेल. लखनौकडे जाण्याचा मान हॅवलॉकने झुंजून मिळविला आहे, तेव्हा या प्रसंगापुरता आपण आपला हुद्दा बाजूस ठेवतो. अवधचा चीफ कमिशनर या मुलकी नात्याने आपण सोबत येऊ आणि स्वयंसेवक म्हणून लढू. लखनौची सुटका झाल्यावर मात्र फौजेची सूत्रे पुन्हा आपल्याकडे येतील, असा त्याचा आशय होता.

या हुकुमाचे इंग्रज लेखकांनी मुक्तकंठाने गुणगान केले आहे. औदार्य त्यात होतेच. परंतु आमच्या मते त्यातील मर्म निराळे आहे. केवळ लष्करी असलेल्या सेनापतीला असा हुकूम काढताच आला नसता. हुद्दा खाली ठेवल्यावर त्याने त्या फौजेत उभे राहावयाचे ते कोणत्या नात्याने? औट्रमजवळ दुसरी पगडी तयार होती. ज्या खातेबदलाने त्याला हॅवलॉकच्या वर नेऊन ठेविले, त्याच खातेबदलाने त्याला खाली उतरण्यास शिडीही दिली.

आणि हे औदार्य प्रत्यक्षात फारसे सुखाचे ठरले नाही. कालपर्यंत ज्याचा हुकूम झेलावयाचा आणि चार दिवसांनी पुन्हा झेलावयाचा, तो मनुष्य शेजारी घोड्यावर बसून ‘सल्ला’ देत असता हाताखालच्यांनी कोणाकडे पाहावे? २५ सप्टेंबरला चारबागेच्या पुलावरून फौज शहरात शिरली. औट्रमला दंडात गोळी लागली होती. सायंकाळी काही काळ थांबावे असे त्याचे मत पडले. हॅवलॉकने पुढेच जावयाचे ठरविले. गल्ल्यांतून रेसिडेन्सीपर्यंत पोहोचेतो त्या एका दिवसात पाचशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली, आणि सुटका करावयास आलेले स्वतःच वेढ्यात अडकले. दुसऱ्या दिवशी औट्रमने सूत्रे परत घेतली. नोव्हेंबरात सर कॉलिन कॅम्पबेल आल्यावर वेढा फुटला; २४ नोव्हेंबरला हॅवलॉक दिलखुशा येथे आमांशाने वारला. त्याला बॅरोनेट केल्याची घोषणा इंग्लंडात झाली तेव्हा त्याच्या मृत्यूची वार्ता तेथे पोहोचली नव्हती.

पुढे कंपनी गेली. १८६१ मध्ये तिन्ही इलाख्यांत ‘स्टाफ कोअर’ स्थापन करून सरकारने हा गुंता निराळ्या रीतीने सोडविला : पलटणीत असा वा कचेरीत, बारा वर्षांनी कॅप्टन, वीस वर्षांनी मेजर, सव्वीस वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. जागा रिकामी होण्याची वाट पाहावयास नको, आणि खाते बदलल्याने काही गमवावयासही नको. यातून कर्नल मात्र उदंड झाले; तलवार खुंटीला टांगून जन्मभर दिवाणी खटले ऐकणारेही त्यांत असत. इंग्लंडात हुद्द्यांची विक्री १८७१ मध्ये बंद झाली. १८९१ मध्ये तिन्ही कोअर एक झाल्या, आणि १९०३ मध्ये ते नावही गेले.

या सर्व खटाटोपात देशी शिपायाचा उल्लेख कोठेही नाही, हे वाचकांच्या ध्यानी आले असेलच. ज्येष्ठतेची यादी त्यालाही होती. तीवरून चढत चढत तो म्हातारपणी सुभेदार होई, आणि त्या सुभेदारास विलायतेहून कालपरवा आलेल्या पोरसवदा इंग्रज अधिकाऱ्याचा हुकूम मानावा लागे. खाते बदलून चीफ कमिशनर होण्याचा प्रश्न त्याच्यापुढे कधी आलाच नाही.

अंदमानच्या समुद्रात हॅवलॉक व औट्रम या दोघांच्या नावाची बेटे एकाच द्वीपसमूहात आहेत. त्यांपैकी हॅवलॉक बेटाचे नाव डिसेंबर २०१८ मध्ये बदलून ‘स्वराज द्वीप’ असे झाले. आलमबागेतील थडगे मात्र जागच्या जागी आहे.