एग्मोर आणि लहान मुलांचा मूत्रपिंडदाह

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख गाळण्या असतात. रक्तवाहिन्यांच्या या सूक्ष्म गुच्छांना सूज आली की लघवीतून रक्त आणि प्रथिने जाऊ लागतात, रक्तदाब चढतो. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी 1827 मध्ये अंगावरची सूज, लघवीतील प्रथिने आणि मूत्रपिंडाची हानी यांची सांगड घातली. चमच्यात लघवी तापवली की प्रथिने गोठत, एवढीच त्यांची तपासणी होती.

मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, 1844 साली सुरू झालेले प्रसूतिगृह पुढे शहरातल्या एग्मोर भागात आले. स्वातंत्र्यानंतर डॉ. एस. टी. आचार यांच्या पुढाकाराने तिथे बालरोगांची स्वतंत्र संस्था उभी राहिली. आज ती हॉल्स रोडवर आहे. मद्राससारख्या उष्ण प्रदेशात लहान मुलांच्या मूत्रपिंडदाहाची वाट बहुधा कातडीतून जाते. खरूज खाजवून झालेल्या जखमांत स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरतो, पुळ्या पिकतात आणि साधारण तीन आठवड्यांनी मूल सकाळी सुजलेल्या पापण्यांनी उठते. लघवी कोऱ्या चहासारखी दिसते. हानी जंतू थेट करत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने उभारलेला प्रतिकार करतो. म्हणून दाह सुरू झाल्यावर पेनिसिलिन तो थांबवत नाही, फक्त उरलेले जंतू मारते.

1950 च्या दशकात सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासणे रूढ झाले आणि दाहाचे प्रकार वेगळे ओळखता आले. स्ट्रेप्टोकोकसनंतरच्या दाहात मात्र मीठ-पाणी बेताने देणे, लघवी वाढवणारी औषधे आणि रक्तदाबावर बारीक लक्ष एवढ्यावर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. दुर्लक्ष झाले तर वाढलेल्या रक्तदाबाने झटके येतात. साबण, अंघोळीला पुरेसे पाणी आणि घरातल्या सर्वांवर एकाच वेळी खरजेचा उपचार, हाच खरा प्रतिबंध.