ग्रँटचेस्टर : एका गावाची दोन नावे



केंब्रिज हे नाव आपणांस परके नाही. रँग्लर परांजपे १८९९ साली गणितात पहिले आले, ते तेथेच. त्या नगरापासून सुमारे दोन मैलांवर, नदीकाठी, ग्रँटचेस्टर नावाचे खेडे आहे. इंग्लंडात ज्या गावाच्या नावाअखेर 'चेस्टर' येते, तेथे बहुधा जुना रोमन तट असतो. लष्करी तळास लॅटिनमध्ये 'कास्ट्रा' म्हणत. त्याचाच हा अपभ्रंश. तेव्हा हे खेडेही एके काळी रोमन नगर असले पाहिजे, असे कोणासही वाटेल.

त्यास पुरावाही मिळाल्यासारखा दिसतो. बीड या मठवासी पंडिताने इ. स. ७३१ मध्ये आपला इतिहास पुरा केला. त्यात तो सांगतो की, एलीच्या मठातील मंडळी राणी एथेलथ्रिथच्या पुनर्दफनासाठी दगड शोधीत नावेने निघाली आणि 'ग्रँटाकेस्टिर' या ओसाड नगराच्या तटाजवळ त्यांना पांढऱ्या संगमरवराची शवपेटी सापडली. नावे जुळली, कित्येक जुन्या पंडितांनी ते नगर म्हणजे हेच खेडे, असे ठरवून टाकले.

परंतु दप्तर काय सांगते? विल्यम राजाच्या १०८६ च्या पाहणीत या खेड्याचे नाव 'ग्रँटेसेटा' असे आहे. 'सेटा' म्हणजे वसाहत करून राहिलेले लोक. ग्रँटा नदीकाठी वसलेली माणसे, एवढाच त्याचा अर्थ! तेथे 'चेस्टर' नाही. ओळखीच्या शब्दाकडे जीभ वळते. तशी ती पुढे 'सेटा'वरून 'चेस्टर'कडे वळली.

मग बीडचे नगर कोणते? ते केंब्रिजच. तेथील कॅसल हिल या टेकडीवर रोमन वस्ती होती. इ. स. ८७५ च्या नोंदीत त्याच नगराला 'ग्रँटेब्रिज', म्हणजे ग्रँटेवरचा पूल, म्हटले आहे. नॉर्मन अमलात त्याचे 'कँटेब्रिज' आणि पुढे 'केंब्रिज' झाले. इतके झाल्यावर लोकांनी उलटा हिशेब मांडला : पूल 'केंब्रिज', तर नदी 'कॅम' असली पाहिजे! नदीने नगराला नाव दिले होते. आता नगराने नदीचे नाव बदलले. वरच्या प्रवाहाला मात्र ग्रँटा हे नाव अद्याप आहे.

तात्पर्य, गावाचे नाव आजच्या पाटीवरून वाचू नये. सर्वांत जुन्या नोंदीपासून खाली उतरत यावे. ग्रँटचेस्टरचा रोमन तट यामुळे गेला खरा. पण तेथे प्रथम घरे बांधणाऱ्यांची आठवण त्याला परत मिळाली.