विषयाकडून प्रश्नाकडे

ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या विद्यार्थ्याला संशोधन प्रस्ताव लिहायला सांगितला, की तो विषय शोधू लागतो. ‘ग्रामीण वाचकांच्या वाचनसवयी : एक अभ्यास’ असे शीर्षक ठरते, प्रश्नावल्या वाटल्या जातात आणि वाचनसंस्कृती वाढायला हवी, असा निष्कर्ष निघतो. हे तर प्रश्नावली छापण्याआधीही ठाऊक होते! आपला अंदाज खोटा ठरण्याची वाट ज्यात मोकळी नाही, तो संशोधनाचा प्रश्नच नव्हे. तशी वाट मोकळी ठेवणारा प्रश्न घडवायला शिकवणे हेच या पुस्तकाचे काम आहे.

गणिताचे प्राध्यापक असलेले डॉ. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाच सूत्रांपैकी तिसरे सांगते, की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आपण हे सूत्र तोंडपाठ करतो, पण ते तपासूनही पाहता येते. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांचा १९७५पर्यंत माग काढला. त्यांतली सुमारे ४० टक्के पुस्तके एकदाही घरी नेली गेली नव्हती. १९७९ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला आणि वाद पेटला. देवघेवीची नोंद म्हणजेच वापर का? ग्रंथालयात बसून चाळलेल्या पुस्तकाचा हिशेब नीट धरला का? हा वाद विद्यार्थ्याने बारकाईने वाचावा. ‘वापर’ कशाला म्हणायचे, हे मोजणीआधी ठरवावे लागते आणि ते ठरवण्याची जागा म्हणजे प्रस्ताव.

आपल्याकडे अशा प्रश्नांना तोटा नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात ‘अ’ ते ‘ड’ वर्गांची सार्वजनिक ग्रंथालये गावोगावी उभी आहेत. त्यांच्या दाखल नोंदवह्या आणि देवघेवीच्या नोंदी म्हणजे अभ्यासकासाठी भरलेले कोठार आहे. आता वरचे शीर्षक असे बदलून पाहा : एका तालुक्यातील ‘ब’ वर्ग ग्रंथालयांत पाच वर्षांपूर्वी दाखल झालेल्या मराठी कथासंग्रहांपैकी किती संग्रह आजवर एकाही सभासदाने नेले नाहीत? यात जागा, काळ, साहित्यप्रकार आणि मोजमाप, सगळे आले. कोणत्या नोंदी लागतील, त्या अपुऱ्या असतील तर काय करायचे, कोणाची परवानगी घ्यायची, हेही लगेच सुचू लागते. सभासदांची नावे गुप्त ठेवण्याची जबाबदारीही आठवते, कारण कोण काय वाचतो, ही त्याची खाजगी बाब आहे.

पूर्वसंशोधनाचा आढावा, गृहीतक, नमुना निवड, वेळापत्रक ही प्रकरणे पुढे क्रमाने येतील. त्यांना विद्यापीठाच्या अर्जातले रकाने समजू नका. आढावा सांगतो, की हा प्रश्न कुठवर सुटला आहे. नमुना सांगतो, की आपल्या उत्तराची हद्द कुठे संपते.

काउंटरवर पुस्तके देता-घेता ज्याला ‘असे का होते?’ हा प्रश्न पडला, त्याने संशोधनाला सुरुवात केलीच आहे. तो प्रश्न आज एका वाक्यात लिहून काढा आणि मगच पहिल्या प्रकरणाकडे वळा.