एकच ठुमरी, दोन गळे

एकच ओवी विष्णुपुरीची बाई एका चालीत म्हणते आणि गोदावरीपलीकडून आलेली सून दुसऱ्या. आज तसंच, पण जुन्या रेकॉर्डवरच्या गाण्याचं.

'पिया बिन नाही आवत चैन' ही झिंझोटी रागातली ठुमरी. जिवलग जवळ नाही आणि बाईच्या जिवाला चैन नाही, एवढाच अर्थ. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची तिची रेकॉर्ड आहे. खाँसाहेब उत्तरेतल्या कैराण्याचे, पण मिरजेत राहिले, म्हणजे आपलेच. तेव्हाच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तरी ते घाई करत नाहीत. आवाज बारीक, उंच. एकेक सूर दोऱ्यासारखा ओढत नेतात. शब्द पुसट होतात, सूर कानात राहतो.

1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा 'देवदास' आला. त्यात हीच ठुमरी कुंदनलाल सैगल यांनी गायली. ताना जवळजवळ नाहीत, आवाज खालचा, शब्द न शब्द कळतो. दमलेला माणूस स्वतःशीच बोलावा तसं. माइक आल्यामुळे असं हळू गाता आलं. त्याआधी रेकॉर्ड करताना कर्ण्यासमोर जोरात गावं लागे.

मला विचाराल तर सैगलांचं दुःख लगेच कळतं, खाँसाहेबांचं जास्त दिवस पुरतं. गदगला दुकानात वाजणारी खाँसाहेबांची तबकडी ऐकूनच लहानग्या भीमसेन जोशींना गाण्याचं वेड लागलं आणि ते घर सोडून निघाले.

पण बघा, दुःख बाईचं आणि गळे दोन्ही पुरुषांचे! खाँसाहेबांच्या स्वतःच्या घरात काय झालं? त्यांची पत्नी ताराबाई माने, बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. पाच लेकरं घेऊन त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. वाट बघत बसल्या नाहीत. त्यांच्याच लेकी हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे. चांगल्या घरच्या बाईनं चारचौघांत गाऊ नये असं मानायचे, त्या काळात हिराबाईंनी तिकीट लावून जलसे केले, नाटकात उभ्या राहिल्या, स्वतःच्या रेकॉर्डी काढल्या. ताराबाईंचं नाव मात्र किती जणींनी ऐकलंय?

पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की मोबाईलवर लावू. आधी खाँसाहेब, मग सैगल, शेवटी हिराबाई. कुणाचा गळा जवळचा वाटला ते तुम्ही सांगा.