खर्डा परिसरातील ज्वारी आणि नव्या बियाण्यांचा स्वीकार

लहान शेतकरी नवे तंत्र उशिरा स्वीकारतो याचे कारण त्याच्या जुनाट वृत्तीत शोधण्याची प्रथा आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील खर्डा हे गाव १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या परिसरातील ज्वारीचा इतिहास मात्र या मताला पुष्टी देत नाही.

जामखेड तालुक्याचा हा भाग अवर्षणप्रवण होय. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते व जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० नंतरच्या दशकात स्थानिक मालदांडीतून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण निवडण्यात आला. त्या काळी तो नवाच होता. तथापि रब्बीच्या पट्ट्यात तो इतका रुळला की, पुढील पिढ्यांना तो वडिलोपार्जित वाटू लागला. याउलट १९६४ मध्ये प्रसारित झालेली ‘सीएसएच-१’ ही संकरित ज्वारी खरिपात पसरली. रब्बीत मात्र संकरित वाणांना फारसा थारा मिळाला नाही.

या भेदाचे मूळ शेतकऱ्याच्या हिशेबात आहे. संकरित पिकाचे बी पुढील वर्षी पेरल्यास उत्पन्न घटते; म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. पावसाने दगा दिल्यास बियाण्याचा व खताचा खर्च अंगावर पडतो, आणि तो सोसण्याची ऐपत अल्पभूधारकापाशी नसते. मालदांडीचे बी घरी राखता येते. शिवाय बुटक्या संकरित ताटांपासून कडबा कमी मिळतो, आणि दुष्काळात बैल जगतात ते कडब्यावर. दर हेक्टरी धान्याचे वाढीव उत्पन्न सांगणाऱ्या कोष्टकात कडब्याची व भाकरीच्या चवीची नोंद सहसा नसते.

भाषेची साक्षही अशीच आहे. ग्रामीण बोलीत ‘हायब्रीड’ हा शब्द दिसण्यात भरघोस, परंतु कसाला न उतरणाऱ्या वस्तूस व माणसासही लावला जातो. एका कृषिसंज्ञेचे असे निंदावाचक विशेषण होणे, हा अनुभवातून आलेला निर्णय होय; त्याला केवळ नावीन्याचा तिटकारा म्हणता येणार नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे हलक्या जमिनीसाठी ‘फुले अनुराधा’, भारी जमिनीसाठी ‘फुले वसुधा’ असे सरळ वाण दिले. जमिनीगणिक वाण ही दिशा शेतकऱ्याच्या हिशेबाशी जुळणारी आहे. विलंबाचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारण्यापूर्वी, नुकसान झाल्यास ते कोण सोसणार, हा प्रश्न संशोधकाने विचारला पाहिजे.