आकड्यांचा इतिहास

बैलाचं वय दातांवरून सांगणारी माणसं घोडेगावच्या बाजारात पैशाला पासरी मिळतील. पण लुनाला दात असतात ते फक्त साखळीच्या चक्राला, आणि तेही झिजलेले! गोठ्यात सापडलेली जुनी लुना पूर्ववत करायची, तर आधी तिची कुंडली मांडायला हवी. कूळ इटलीचं : पियाज्जिओची ‘चाओ’ ही १९६७ची मोपेड. तिच्यावरून १९७२ साली इथून जवळच, नगरला, कायनेटिकनं लुना काढली. ५० सी.सी.चं इंजिन, गिअर नाही, वर सायकलीसारखी पेडलं. म्हणजे पेट्रोल संपलं तरी स्वावलंबन शिल्लक!

मालक म्हणाले, “दुष्काळ सरल्यावर आप्पांनी घेतली.” बहात्तरचा दुष्काळ हे आमच्याकडचं पंचांगच. चासीवरचा नंबर आणि पिवळं पडलेलं आर.सी. बुक यांनीही तशीच साक्ष दिली. राहता राहिला मागचा लोखंडी आकडा. तो कारखान्याचा नव्हे. दुधाच्या किटलीसाठी गावच्या लोहारानं जोडलेला. एक जाणकार म्हणाले, “कापून टाका, गाडी अस्सल होईल.”

मालक म्हणाले, “त्या आकड्यावर आमच्या शाळेच्या फिया भरल्यात, साहेब.”

इतिहासात आकड्यांना फार महत्त्व असतं म्हणतात. हा आकडा आम्ही ठेवला.